शौर्याचे मानपत्र आणि दुसरा माणूस

सामान्य नागरिकाच्या शौर्याचा गौरव ही लोकशाहीतली चांगली रीत आहे, हे आधी मान्य करून मग पुढे जाऊ. राजेशाहीत शौर्य सरदाराचे, किताब सरदाराला आणि जहागीरही सरदारालाच. प्रजासत्ताकात मात्र पुरात उडी टाकून अनोळखी पोराला बाहेर काढणाऱ्या नावाड्याच्या छातीवर राष्ट्राचे पदक लागू शकते. हा बदल लहान नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. पदक देणाऱ्याला कोणते शौर्य दिसते आणि कोणते दिसत नाही? आणि जे दिसत नाही ते केवळ नजरचुकीने दिसत नाही काय?

भारत सरकारचे 'जीवन रक्षा पदक' १९६१ साली सुरू झाले. सर्वोत्तम, उत्तम आणि नुसते जीवन रक्षा पदक अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. (पायऱ्या पाडल्याखेरीज आपल्याला सन्मानसुद्धा करता येत नाही, हे जाता जाता.) स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही व्यवसायातला असो, ते देता येते; मरणोत्तरही देता येते. कोणत्या प्रसंगी द्यायचे त्याची यादी नियमांत आहे : बुडणे, अपघात, आग, विजेचा धक्का, दरड कोसळणे, जनावराचा हल्ला, खाणीतले बचावकार्य आणि शेवटी 'इत्यादी'. वाङ्मय शिकवणाऱ्याने मजकूर वाचावा तशी मी ही यादी वाचतो. तिच्यातली बहुतेक संकटे अशी आहेत, की ती कोणी आणली असे विचारावे लागत नाही. नदीवर खटला भरता येत नाही. बिबट्याला मालक नसतो. एक खाण तेवढी अपवाद. गटाराचे नाव यादीत नाही. 'इत्यादी'मध्ये ते बसू शकते, नियम आडवा येत नाही; पण या देशाच्या मनात गटाराची जागा कायमच 'इत्यादी'त राहिलेली आहे.

आता गटारात काय घडते ते नीट पाहू. कारण त्याचे तपशील कळल्याशिवाय मी कोणत्या शौर्याविषयी बोलतो आहे हे कळणार नाही. भुयारी गटारात किंवा सेप्टिक टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. उतरलेल्या माणसाला वाटते, घाण ओसरली. वस्तुतः ती वाढलेली असते. प्रमाण फार असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते आणि माणूस खालच्या पाण्यात कोसळतो. झाकणाशी त्याचा जोडीदार उभा असतो. ठेकेदार माणसे आणतो ती बहुधा एकाच वस्तीतली, एकाच नात्यागोत्यातली. म्हणून हा जोडीदार पुष्कळदा भाऊ असतो, मेव्हणा असतो, कधी बापच असतो. आपला माणूस हाक मारूनही ओ देत नाही हे त्याने आत्ताच पाहिलेले असते. खाली काय आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी तो उतरतो. तोही वर येत नाही, म्हणून तिसरा उतरतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात : तीन कामगारांचा गुदमरून मृत्यू. तिघेही एका क्रियापदात पुरले जातात. पण पहिला पोटासाठी उतरला होता आणि दुसरा माणसासाठी. पहिल्याला परिस्थितीने ढकलले, दुसऱ्याने ठरवले. त्या ठरवण्याला मराठीत शौर्य म्हणतात. चौकशी अहवाल त्याला वेगळेच नाव देतो : 'सुरक्षिततेची साधने न वापरता उतरल्यामुळे'. पुरात उडी घेणाऱ्याला तुझ्या अंगावर तरंगण्याचे जाकीट होते काय, असे कोणी विचारत नाही. तिथे साधन नसणे हेच शौर्याचे माप ठरते. गटारात तेच साधन नसणे निष्काळजीपणा ठरते. मोजपट्टी एकच, ती धरणारा हात बदलला की आकडा बदलतो.

कोणी म्हणेल, अशा मृत्यूचे स्मारक जगात कुठे असते? आहे. लंडनमध्ये, सेंट पॉल्स कॅथीड्रलपासून जवळच, पोस्टमन्स पार्क नावाची छोटी बाग आहे. जी. एफ. वॉट्स या चित्रकाराने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, 'द टाइम्स'ला पत्र लिहून सुचवले की दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांची स्मृती राष्ट्राने जपावी. कोणी फारसे मनावर घेतले नाही, तेव्हा त्याने स्वतःच खटपट केली आणि १९०० साली ती भिंत उभी राहिली. तिच्यावर चिनीमातीच्या ५० हून अधिक पाट्या आहेत. मोलकरीण, रेल्वेचा इंजिनचालक, शाळकरी पोर, अशांची नावे, तारीख आणि केलेली कृती. त्यांतली एक पाटी ईस्ट हॅमच्या मैलापाणी उपसा केंद्रातली आहे. १ जुलै १८९५ रोजी एका सहकाऱ्याला वाचवण्यासाठी उतरलेले चौघे तिथे मेले : फ्रेडरिक मिल्स, ए. रटर, रॉबर्ट ड्युरंट, एफ. डी. जोन्स. आपल्याकडे चार ओळींच्या बातमीत संपणारी नेमकी तीच घटना तिथे भिंतीवर नावानिशी उभी आहे.

या पाटीने मी भारावून जात नाही. साम्राज्याच्या राजधानीतली ती भिंत आहे आणि मजुराने मालकाविरुद्ध संप करण्यापेक्षा सोबत्यासाठी मरावे हे मालकवर्गाला केव्हाही सोयीचे वाटते. ईस्ट हॅमच्या पाटीवर विषारी वायू कसा साठला, उतरण्याचा हुकूम कोणी दिला, याचा उल्लेख नाही. गौरवाच्या भाषेची ही जुनीच खोड. ती मरणाऱ्याचे गुण सांगते, मारणाऱ्याचा पत्ता सांगत नाही. तरीही एक गोष्ट उरते. त्या पाटीने चौघांची कृती कृती म्हणून नोंदवली. त्यांना नुसते मेलेले म्हटले नाही.

आपल्याकडे असे कधीच घडले नाही असे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोझिकोड शहरात आंध्रातून आलेले दोन कामगार मॅनहोलमध्ये अडकले आणि रस्त्याने जाणारा एक तरुण रिक्षाचालक त्यांना काढायला उतरला. तिघेही मेले. त्या रिक्षाचालकाचा केरळात मोठा गौरव झाला, सरकारने कुटुंबाला मदत आणि पत्नीला नोकरी जाहीर केली. ते योग्यच झाले. मग एका समाजसंघटनेच्या नेत्याने जाहीर सभेत आक्षेप घेतला, की ही मदत तो मुसलमान होता म्हणून मिळाली. माणूस माणसासाठी मेला तरी त्याचा धर्म आणि जात तपासून घेणारे लोक आपल्यात किती सावध असतात पाहा! पण मला इथे वेगळे दाखवायचे आहे. तो रिक्षाचालक बाहेरून आलेला होता. गटार त्याचे काम नव्हते, म्हणून त्याचे उतरणे देशाला दिसले. ज्याचे गटार हेच काम, तो सोबत्यासाठी उतरला तर ते कामाचाच भाग समजले जाते.

यामागे साधा हिशेब आहे. २०१३ च्या कायद्याने माणसाला साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता दुसऱ्या माणसाला पदक द्यायचे तर मानपत्रात लिहावे लागेल की तो अमुक ठिकाणी, अमुक गटारात, अमुक सोबत्याला वाचवायला उतरला. म्हणजे सोबती तिथे होता. म्हणजे त्याला कोणीतरी उतरवले होते. सरकारी सहीचे मानपत्र हेच गुन्ह्याचे कबुलीपत्र होईल! त्यापेक्षा शब्द बदलणे सोपे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेल्यांसाठी 'धोकादायक सफाई' असा दुसरा रकाना आहे. हे उत्तर देणारे राज्यमंत्री आपल्याच चळवळीतून पुढे आलेले आहेत, यावर मी अधिक लिहीत नाही.

पदकाच्या जागी भरपाई आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. हे पैसे हक्काचे आहेत, आणि तेही मागितल्याशिवाय हातात पडत नाहीत. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तिघे मेले. त्यांच्या विधवांना १० लाखांसाठी उच्च न्यायालयात जावे लागले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या बायकांच्या लढ्याला कोणते पदक आहे, हेही कोणीतरी विचारावे.

शौर्याचे हे झाले. आता 'निःस्वार्थ सेवा'. या दोन शब्दांइतके आपल्या लोकांना गंडवणारे शब्द मराठीत थोडे असतील. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी उपोषण केले आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांना साथ दिली. अप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. त्यांनी पुढे आयुष्यभर झाडू सोडला नाही. पण त्या प्रसंगाचा अर्थ पाहा. जे काम मिळावे म्हणून एकाला उपोषण करावे लागते, त्याच कामातून सुटण्यासाठी दुसऱ्याला जन्म पुरत नाही. पहिल्याच्या हातातला झाडू सेवा, दुसऱ्याच्या हातातला झाडू जात. निःस्वार्थ होण्यासाठी आधी स्वार्थ सोडण्याची मुभा असावी लागते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात भंगीकामाच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली ती याच ठिकाणी : त्याज्य काम उदात्त म्हणून गौरवायचे म्हणजे ते करणाऱ्याला त्यातच ठेवायचे.

ही टीका शिळी झालेली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रयागराजच्या कुंभात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. २२ मार्च २०२० ला देशाने थाळ्या वाजवल्या. पाय धुवून झाल्यावर ते पाय पुन्हा कुठे उतरले, हे छायाचित्रात येत नाही.

माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि 'निष्ठेने केलेल्या सेवेबद्दल' एक छापील मानपत्र मिळाले. त्याहून मोठी गोष्ट मिळाली ती लाड-पागे समितीच्या शिफारशीने : त्यांच्या जागी वारस. महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला हा हक्क आहे आणि तो टिकवण्यासाठी आपल्या संघटना झगडल्या, कारण ठेकेदारीच्या काळात कायम नोकरी म्हणजे घराचे छप्पर. ते मला कळते. ती जागा धाकट्या भावाने घेतली, म्हणून मी एम. ए. होऊ शकलो. पण सेवेच्या गौरवार्थ मुलाच्या हाती झाडू देणारी दुसरी एखादी सेवा मला दाखवा. न्यायाधीशाच्या मुलाला कोणी वारस म्हणून न्यायासनावर बसवत नाही. त्याला इतर वाटा असतात.

शेवटी आपल्या साहित्याकडे वळतो, कारण केवळ सरकारला दोष देऊन मोकळे होणे या पानांना शोभणार नाही. आपल्या कवितेत गटारात उतरणारा माणूस पुष्कळदा आला आहे. तो येतो तो व्यवस्थेचा बळी म्हणून. बळी हे खरेच आहे. पण सरकार त्याला भरपाईच्या रकान्यात टाकते आणि आपण प्रतिमेच्या. दोन्हीकडे त्याचा निर्णय हरवतो. त्याने झाकणाशी उभे राहून काही ठरवले होते, हे आपणही लिहिले नाही. व्यथा मांडण्याची सवय इतकी झाली आहे की आपल्या माणसाचे कर्तेपण मांडताना हात अडखळतो. जणू त्याने काही केले असे म्हटले तर त्याच्यावरचा अन्याय हलका होईल.

अण्णा भाऊ साठे यांनी ही भीती बाळगली नाही. 'फकिरा'मध्ये (१९५९) मांगवाड्यातला राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावात आणताना मारला जातो. गावाला जत्रा मिळते, मान मिळतो. ज्याने तो मिळवून दिला त्याच्याच मुलाच्या आणि त्याच्या जातीच्या वाट्याला पुढे हजेरीचा जाच आणि उपासमार येते. गावाने केलेला गौरव आणि गावाने दिलेले जगणे यांतले अंतर अण्णा भाऊंनी व्याख्यान न देता दाखवले. पण त्याआधी त्यांनी राणोजीला निर्णय दिला. तो कोणी ढकलला म्हणून शिगावात गेलेला नाही. अन्याय त्यामुळे हलका झाला नाही. वाचणाऱ्याला तो अधिक जड झाला, कारण कोण मारला गेला हे त्याला ठाऊक होते.

राणोजीला तयारीला वेळ होता, सोबतीला माणसे होती, हातात हत्यार होते. मॅनहोलच्या झाकणाशी उभ्या असलेल्याकडे यांतले काही नसते. मुकादम मागे सरकलेला असतो, दोर असलाच तर आखूड असतो, खालून आवाज थांबलेला असतो. विचाराला त्याला फार तर अर्धा मिनिट मिळतो. त्या अर्ध्या मिनिटाची कथा मला तरी अजून मराठीत वाचायला मिळालेली नाही.