प्राणिपाठांतील हरवलेले गवत

बालवाङ्मयाचा विचार करताना आपण गोष्टी आणि गाणी यांच्यापाशीच थांबतो. माहितीपर पाठ हा जणू वाङ्मयाचा प्रांतच नव्हे, अशी समजूत दिसते. आमच्या मते ती घातक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला गद्याची पहिली गोडी पुष्कळदा अशाच पाठातून लागते, किंवा कायमची उडते.

आफ्रिकेतील मोठ्या तृणभक्षक प्राण्यांवरचे पाठ घ्या. त्यांची घडण बहुधा ठरलेली असते : जिराफाची मान लांब, झेब्र्याच्या अंगावर पट्टे, पाणघोड्याचा जबडा मोठा. एकेक प्राणी पुढे येतो, आपले वैशिष्ट्य दाखवितो आणि निघून जातो. हे सर्कशीच्या रिंगणातले गद्य झाले. ज्या गवतावर यांतील बहुतेकांचे जगणे, ते पाठात कोठेच नसते. असलेच तर ‘तो गवत खातो’ या एका वाक्यापुरते, आणि तेही कधीकधी भलत्याच ठिकाणी. जिराफ क्वचितच चरतो. तो बाभळीच्या शेंड्याचा पाला जिभेने ओढून खातो. गेंड्यांच्या दोन जाती ‘पांढरा’ व ‘काळा’ म्हणून शिकविल्या जातात. वस्तुतः दोघेही करडेच. भेद आहे तो ओठांत. एकाचा ओठ रुंद व सपाट, जमिनीलगतचे गवत तोडण्याजोगा. दुसऱ्याचा टोकदार, डहाळी पकडण्याजोगा. रंग सोडून ओठ दाखविणारा शिक्षक मुलाला पाहण्याची रीत शिकवितो.

खरा पाठ टांझानियातील सेरेंगेटीच्या माळावर सापडतो. पाऊस सरल्यावर उंच वाढलेल्या गवतात बहुधा आधी झेब्रे शिरतात. ते रवंथ करीत नाहीत. त्यामुळे ताठ, निकस काड्याही ते भराभर पोटात ढकलू शकतात. मागून येणाऱ्या वाइल्डबीस्टांना खालची पाने मोकळी मिळतात, आणि शेवटी लहानखुरे थॉमसन गझेल जमिनीलगतचे कोवळे फुटवे टिपतात. येथे क्रम आहे, कारण आहे, पुढे काय याची उत्कंठा आहे. कथेला आणखी काय लागते? भाषाही आपल्यापाशी तयार आहे. चरणे, ओरबाडणे, रवंथ, कुरण, फुटवा, काडी हे शब्द गोठा पाहिलेल्या मुलाच्या तोंडी असतात. तरीही पाठकार ‘तृणाहाराचे सेवन करतात’ असे लिहून मोकळा होतो!

‘बुळकांडी’ हा असाच आपल्या गोठ्यातला शब्द. गुरांचा हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकाभर पसरला आणि गुरांबरोबर वाइल्डबीस्टांचे कळपही त्याने ओस पाडले. पुढे गुरांना लस टोचली जाऊ लागली, रोग ओसरला, आणि सेरेंगेटीतील वाइल्डबीस्टांची संख्या १९६१ मधील सुमारे २.५ लाखांवरून १९७७ पर्यंत १३ लाखांच्या घरात गेली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. गाईला टोचले आणि रानातले कळप वाढले, हे लहान मुलांना समजणार नाही असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा वर्गात सांगून पाहावे.

नावांविषयी मात्र आमचा आग्रह सैल आहे. वाइल्डबीस्टाला मराठी नाव घडविण्याची घाई नको. ‘रानगाय’ म्हटल्यास मुलाच्या डोळ्यांपुढे गाय उभी राहील, आणि हा प्राणी तर गाईपेक्षा काळविटाच्या जवळचा. परके नाव मुले सहज उचलतात. ‘जिराफ’ नाही का उचलले?