गळकं छप्पर आणि गिटार

मंडळी, आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात ‘घर गळतंय’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जून आला की प्लास्टिक, डांबर आणि बादल्या. म्हणून आजच्या अल्बमकडे मी त्यातल्या गळक्या छपराच्या गाण्यावरून येतो.

अल्बम २००८ चा, ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या बँडचा पहिलाच. रघू दीक्षितांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसुरात. स्टेजवर लुंगी, पायात घुंगरू, हातात गिटार. अल्बममध्ये हिंदी, कन्नड, इंग्रजी सगळं आहे. आपल्याकडे बहुतेकांना ‘मैसूर से आई’ आठवतं. पण माझ्या मते हा अल्बम उभा आहे तो दोन कन्नड गाण्यांवर, आणि त्यांचे शब्द दीक्षितांचे नाहीत. ते आहेत संत शिशुनाळ शरीफ यांचे.

शरीफ (१८१९–१८८९) आताच्या हावेरी जिल्ह्यातले. घर मुसलमान, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. उल्हासनगरच्या सिंधी मंडळींना यात नवल वाटू नये, शाह लतीफ त्यांच्या घरचेच! शरीफांच्या एका गाण्यात हुक्का ओढायचं आमंत्रण आहे, पण जाळायचे असतात मनातले विकार. दुसऱ्यात छप्पर गळतंय, ते अज्ञानामुळे. आता हे वाचून तुम्हाला एकनाथांचं भारूड आठवलं नाही तरच आश्चर्य. विंचू, दादला, तसाच हा हुक्का.

ही पदं कर्नाटकात घरोघरी पोचवली सी. अश्वथ यांनी. १९९० च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. म्हणजे दीक्षितांपुढे कोरी पाटी नव्हती. लोकांच्या कानात एक चाल पक्की बसलेली, आणि तुम्ही तिथे ड्रम्स, बास, व्हायोलिन घेऊन जाताय. हिंमत लागते.

हुक्क्याच्या गाण्यात ती हिंमत दिसते. आवाज मोकळा सोडलाय, गोड करायचा प्रयत्नच नाही. ठेका असा, की पाय आपोआप हलतो. आणि माझी तक्रारही इथेच आहे. भारुडात सोंग आधी हसवतं, मग भारुडकरी थांबतो, अर्थ फोडून सांगतो, पुन्हा टाळ सुरू. रेकॉर्डवर हे थांबणं नाही. कन्नड न येणाऱ्याला हे पार्टीचं गाणं वाटतं, आणि त्याला दोष कसा द्यायचा? आपल्याकडे ‘अभंग रिपोस्ट’ अभंग गिटार-ड्रम्सवर घेतात, तेव्हा निम्मा अर्थ श्रोत्याने घरूनच आणलेला असतो. दीक्षितांना म्हैसूरबाहेर ती सोय नाही.

तरी मी या दोन गाण्यांच्या बाजूने आहे. याच अल्बममधलं इंग्रजी प्रेमगीत ऐका. आवाज तोच, मेहनतही तीच असेल. पण एकदा ऐकलं की संपतं. शब्दांखाली दुसरं काही दडलेलं नाही. हिंदी गाण्यांचं थोडं बरं, तिथे निदान चाली लोभस आहेत.

बरं, प्रश्नोत्तरांआधी छपराचं गाणं लावूया. सभागृहात कन्नड येणारं कुणी असेल तर कृपया पुढे या. मी प्रत्येक कडव्यानंतर गाणं थांबवतो, तुम्ही अर्थ सांगा.