शुद्ध वास्तूचा मोह : चिझिक हाउस

वास्तूचं ‘मूळ रूप’ कशाला म्हणायचं, हा आजचा प्रश्न. हवेत बोलण्यापेक्षा आपण एका घरातच शिरू या.

लंडनच्या पश्चिमेला चिझिक हाउस आहे. लॉर्ड बर्लिंग्टन यांनी स्वतः आराखडा करून बांधलेलं हे घर १७२९च्या सुमारास पूर्ण झालं. आतली सजावट विल्यम केंट यांची. समोर आदर्श होता पल्लाडिओच्या ‘व्हिला रोटोंडा’चा, पण ही नक्कल नव्हे. रोटोंडाला चारही बाजूंना स्तंभमंडप आणि मध्ये गोल दालन. इथे दर्शनी मंडप एकच, दालन अष्टकोनी, आणि घुमटाखालच्या अर्धगोल खिडक्यांतून उजेड खाली उतरतो. गंमत म्हणजे एवढ्या देखण्या घरात स्वयंपाकघर नाही! शेजारी बर्लिंग्टन यांचा जुना वाडा होता ना. चूल तिथे, चित्रं आणि पाहुणे इथे.

म्हणजे पहिल्या दिवसापासून ही वास्तू एकटी, स्वयंपूर्ण कधीच नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा.

१७८८मध्ये तो जुना वाडा पाडला गेला आणि डेव्हनशरच्या ड्यूकनी व्हिलाच्या दोन्ही बाजूंना विंग जोडल्या. आता कुठे तिथे नीट संसार करता येऊ लागला. पुढे १८९२ ते १९२९ या काळात टूक बंधू या डॉक्टरांनी तिथे खासगी मनोरुग्णालय चालवलं. दुसऱ्या महायुद्धात अग्निशमन दल आलं. १९४४मध्ये जर्मन रॉकेटने एका विंगचं नुकसान झालं. आणि १९५६मध्ये दोन्ही विंग पाडून टाकल्या. का? तर बर्लिंग्टन यांचा व्हिला पुन्हा ‘शुद्ध’ दिसावा म्हणून.

यावर आमचा आक्षेप आहे. व्हिलाच्या बाजू पुन्हा मोकळ्या झाल्या, प्रमाणबद्धता डोळ्यांत भरते, हे मान्य. पडझड झालेली बांधकामं सांभाळणं सोपं नसतं, हेही मान्य. पण जे परत आणलं, ते ‘मूळ’ होतं का? १७२९ साली शेजारी वाडा होता. तो काही परत आला नाही. आज दिसतो तसा सुटा, एकाकी व्हिला बर्लिंग्टन यांनीही पाहिला नव्हता. मूळ म्हणून आपण पाहतो, ती विसाव्या शतकाची निवड आहे.

विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७मध्ये संस्था काढून हेच सांगितलं होतं, की एक काळ निवडून बाकीचे खरवडून काढणं हा जीर्णोद्धार नव्हे. इथे खरवडलं गेलं ते कुणाचं? उमरावाची कल्पना राहिली. जिथे माणसं रोज राहिली, जेवली, आजारी पडली, त्या भिंती गेल्या. सदतीस वर्षं हे रुग्णांचं घर होतं, आणि दर्शनी मंडपापुढे उभं राहिल्यावर त्याची पुसटशीही खूण दिसत नाही.

वापर बदलणं म्हणजे वास्तू बाटणं, असं आपण मनात धरून चालतो. आम्हाला उलट वाटतं. वापर बदलत गेले, म्हणूनच हे घर टिकलं. तेव्हा अशा ठिकाणी गेलात, तर काय जपलंय ते जरूर पाहा. आणि ते दिसावं म्हणून काय पाडलं, तेही विचारा.