‘गोदावरी’ : घाटावरची नदी आणि पाणलोटातील नदी

निखिल महाजन दिग्दर्शित ‘गोदावरी’ (२०२१) या चित्रपटात नाशिकचा घाट केवळ पार्श्वभूमी उरत नाही. मृत्यूची चाहूल लागलेल्या निशिकांतचा नदीवरील रोष हे कथानकाचे केंद्र होय. कौटुंबिक तुटलेपण नदीच्या रूपाने साकारणे हे चित्रपटाचे सामर्थ्य. मर्यादाही तेथेच आहे. येथे नदी प्रामुख्याने घाटापुरती येते. वस्तुतः घाटावरचे पाणी ब्रह्मगिरीच्या उतारांवरून, काश्यपीसारख्या उपनदीतून, गंगापूर धरणातून आणि शहराच्या नाल्यांतून येते. त्यामुळे त्याच्या शुद्धतेचे उत्तरदायित्व घाटावरील भाविकाइतकेच पाणलोट क्षेत्रातील प्रत्येक शेतावर व घरावर येते. नदीशी समेट केवळ मनात होत नाही. तो सांडपाण्याच्या व्यवस्थेतही व्हावा लागतो. हे भान मराठी चित्रपटाने आणि समीक्षेनेही स्वीकारणे अगत्याचे ठरते.