उसने बीज आणि घरची माती

इंदुरात चित्रपटांविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘अहो, हा तर विलायती चित्रपटावरून उचललेला!’ एवढे म्हटले म्हणजे निकाल लागला, पुढे बोलावयाचे काही उरत नाही, अशी बोलणाराची समजूत असते. याउलट दुसऱ्या पंथाचे रसिक परदेशी चित्रपटाला ‘संथ आणि रडका’ म्हणून दारातूनच परत पाठवितात. दोन्ही पंथांना चित्रपट पाहण्याचे कष्ट वाचतात, एवढा एकच त्यांच्यातील समान धागा होय.

आम्हां इंदूरकर मराठी माणसांनी तरी उसनवारीला इतक्या घाईने दोष देऊ नये. होळकरांबरोबर माळव्यात आलेली आमची मराठी दोन-अडीच शतके हिंदीच्या शेजारात राहून बदलली. पुण्याचा पाहुणा तिला हसतो, पण ती आमची आहे. दक्षिणेतले पोहे येथे आले, त्यांवर शेव पडली, जोडीला जिलबी बसली. आता त्यांना कोणी परके म्हणत नाही. तेव्हा प्रश्न ‘कोठून घेतले’ हा नसून ‘घेतलेल्याचे काय केले’ हा आहे. या एकाच मापाने देशी-परदेशी असे काही चित्रपट मोजून पाहावेत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली जोडी सुपरिचित आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्स’ (१९४८) आपल्या देशात १९५२ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पडद्यावर आला. इटालियन चित्रपटातील अंतोनिओला भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. ती सोडविण्याकरिता पत्नी घरातील चादरी गहाण टाकते. गहाणवटीच्या दुकानातला नोकर ते गाठोडे घेऊन फळ्या चढत जातो आणि छतापर्यंत रचलेली परक्या घरांची गाठोडी आपल्याला दिसतात. एक शब्दही न उच्चारता साऱ्या शहराचे दारिद्र्य तेथे मांडले गेले आहे.

‘दो बिघा जमीन’ने ही दृष्टी घेतली, कथा मात्र सलील चौधरी यांची, आणि दुःख सर्वस्वी इथले. शंभू महातोला तीन महिन्यांत २३५ रुपये उभे करावयाचे आहेत, म्हणून तो कलकत्त्यात रिक्षा ओढतो. अधिक पैशांच्या आमिषाने गिऱ्हाईक त्याला पळवीत सुटते आणि चाक निखळते. त्या दृश्यात बलराज साहनींचा अभिनय आहे असे वाटतच नाही. उत्तरार्धात योगायोगांची गर्दी होते. जखमी स्त्रीला नेण्यासाठी नेमकी शंभूचीच रिक्षा यावी आणि ती त्याचीच पत्नी निघावी, हे मन मानत नाही. पण शेवट पाहा. अंतोनिओ अखेर स्वतःच चोर ठरतो, तरी मुलाचा हात त्याच्या हातात येतो. शंभूला स्वतःच्या जमिनीतली मूठभर मातीदेखील पहारेकरी नेऊ देत नाही. हा शेवट इटलीतून आणता आला नसता. तो सावकारी आणि जमीनदारी भोगलेल्या देशालाच सुचावा. येथे ऋण व्याजासह फिटले आहे.

दुसरी जोडी आमच्या शहराच्या अभिमानाला स्पर्श करणारी आहे. ‘शोले’च्या (१९७५) दोन पटकथाकारांपैकी सलीम खान यांचा जन्म इंदूरचा, म्हणून येथे ‘शोले’वर टीका करणे म्हणजे घरच्या लग्नात जेवणाला नावे ठेवण्यासारखे आहे. तरी सांगितले पाहिजे. अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) दरोडेखोरांना कंटाळलेले शेतकरी स्वतः जाऊन लढवय्ये शोधतात, त्यांना भात खाऊ घालून आपण हलके धान्य खातात, आणि तेच शेतकरी भित्रे, लबाड, साठेबाजही आहेत. त्यांना तसे कोणी केले, हा जाब एक सामुरायच आपल्या जातभाईंना विचारतो. शेवटी लावणी सुरू होते आणि वाचलेल्या योद्ध्यांना कळते की जय शेतकऱ्यांचा झाला, आपला नव्हे.

‘शोले’तील रामगढात धान्य पिकते ते केवळ गब्बरसिंगाच्या माणसांनी मागावे म्हणून. लढाई गावाची नाही, ठाकुराच्या सुडाची आहे. गावकरी बघ्यांच्या भूमिकेत उभे आहेत. संवाद, संगीत, खलनायक यांची श्रीमंती कोण नाकारील? विधवा राधा रात्री एकेक दिवा मालवीत जाते आणि खालून जय पाहत राहतो, त्या निःशब्द दृश्यापुढे मान तुकवावी. मुलाच्या प्रेताजवळ उभा राहून गावाला धीर देणारा आंधळा इमाम हाही त्या गावातला एक खरा माणूस. परंतु कुरोसावांकडून तलवारी घेतल्या आणि नांगर तेथेच ठेवला, हा आमचा आक्षेप कायम राहतो.

तिसरे उदाहरण आपल्या कोंकणी वाचकांच्या घरचे आहे. ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटाचे मूळ टेनिसनच्या ‘ईनॉक आर्डन’ या काव्यात: समुद्रावर हरवलेला पती, वाट पाहून दुसरा संसार मांडणारी पत्नी, आणि पतीचे परतणे. इंग्रजी काव्य खरे. पण ज्या गोव्यात घरोघरचे पुरुष तारवटी म्हणून बोटीवर जात आणि बायका पत्राची वाट पाहत, तेथे ही कथा परकी राहीलच कशी? पुढे ‘तकदीर’ (१९६७) या नावाने हिंदीने ती कोंकणीकडून घेतली. लहान भाषेने सदैव घेतच राहावे असा काही नियम नाही, हे त्यावरून दिसून आले.

तात्पर्य, उसने बीज हा गुन्हा नव्हे. ते न पेरता तसेच बाजारात मांडणे हा गुन्हा होय. आज हे सारे चित्रपट घरबसल्या पाहता येतात. वाचकांनी ही जोडपी एकामागून एक पाहावीत आणि ‘उचललेला’ हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी इतकेच विचारावे: या चित्रपटातल्या माणसाच्या पायांना कोणत्या गावची माती लागली आहे? उत्तर मिळाले तर चित्रपट आपला. न मिळाले, तर त्याची कथा अगदी आपल्या गल्लीत घडलेली असली तरी तो परकाच.