साध्या मोटारीचा साज

मोटारीच्या राजवेषाचे अप्रूप इंदूरकरांना निराळे सांगावयास नको. यशवंतराव होळकरांच्या ड्युसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरांनी चढविलेली बॉडी आजही जाणकारांच्या बोलण्यात असते. तेथे मूळची चासीच राजेशाही होती. तिला साजेसा पेहराव मिळाला. समीक्षकाला अधिक अडचणीत टाकणारा प्रश्न याच्या उलट आहे. सामान्य कुटुंबासाठी काटकसरीने घडविलेल्या मोटारीवर असा साज चढतो, तेव्हा तिचा गौरव होतो की थट्टा?

इटलीतील दोन उदाहरणे घेऊ. दान्ते जाकोसा यांची फियाट 600 ही 1955 सालची मोटार. तिचे 633 घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन मागच्या बाजूस होते. पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या ‘मल्टिप्ला’ या रूपात सुमारे साडेतीन मीटर लांबीत सहा माणसे बसत. जागेचा हा काटेकोर हिशेब हेच तिचे सौंदर्य होते. त्याच मल्टिप्लावर पिनिन फारिना यांनी ‘ईडन रॉक’ घडविली: छत नाही, दारे नाहीत, लाकडाचा देखणा साज आणि सारा थाट समुद्रकिनाऱ्यावरील विहाराचा. अशा मोजक्याच गाड्या झाल्या; त्यांतील एक फियाटच्याच जान्नी आन्येल्ली यांच्याकडे होती. ती प्रसन्न आहे, रेषाही नाजूक आहेत. तथापि ऊन-पावसात कुटुंबाला आसरा देणारे छतच तिने टाकून दिले. शिवाय 600 ला वेगळी चासी नाही. बॉडीच भार पेलते. छत कापले की तळ बळकट करणे आले. म्हणजे मूळ रचनेशी झगडूनच ही शोभा मिळते.

आता बेर्तोनेची ‘रनअबाउट’ पाहा. 1969 च्या तुरीन प्रदर्शनात मांडलेली ही एकमेव मोटार मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखिली. फियाट 128 या घरगुती गाडीत पुढे आडवे बसविलेले इंजिन त्यांनी आसनांच्या मागे नेले, आणि पाचरीसारखा आकार त्यातूनच उमलला. फियाट 128 ही देखील जाकोसांचीच निर्मिती. तिच्यात दडलेली शक्यता गांदिनींनी ओळखली. पुढे 1972 साली याच कल्पनेतून एक्स 1/9 ही दोन आसनी मोटार विक्रीस आली आणि 1989 पर्यंत तयार होत राहिली.

एक्स 1/9 ही काही सहा जणांच्या कुटुंबाची गाडी नव्हे, हा आक्षेप मान्य करावा लागेल. पण श्रीमंतांच्या महागड्या मोटारींपुरती असलेली एक रचना तिने पुष्कळ लोकांच्या आवाक्यात आणली. ईडन रॉक मात्र थोड्यांच्या विहारापुरती राहिली.

वाङ्मयातही आपण हाच निकष लावतो. साध्या ओवीवर अलंकारांची रास घालणारा कवी आणि त्याच ओवीच्या लयीत नवी वाट शोधणारा कवी यांना आपण एका पंक्तीस बसवीत नाही. मोटारीच्या बाबतीत तरी केवळ झगमगाटाला कला का म्हणावे?