सुश्रुतसंहितेंतील कोष्ठवर्णन आणि 'क्लोम' शब्दाचा वाद

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाविषयीं जें लेखन आजवर झालें, त्यांत अस्थींच्या गणनेस जेवढा मान मिळाला त्याच्या चतुर्थांशही कोष्ठाच्या, म्हणजे उदरांतील व उरांतील अवयवांच्या, वर्णनास मिळाला नाहीं. याचें कारण उघड आहे. डॉ. रुडोल्फ हर्न्ले यांनीं इ. स. १९०७ त ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या अस्थिगणना समोरासमोर ठेविल्या, पाठ कोठें बिघडला असावा तें दाखविलें आणि मूळ गणना कशी असावी हेंही सुचविलें. हाडांच्या बाबतींत ही रीति चालते. हाड मोजतां येतें. सुश्रुत ३०० म्हणतो आणि यादीची बेरीज तितकी भरत नसेल, तर चूक कोठेंतरी शिरली आहे हें निश्चित. परंतु हीच रीति पुढें कोष्ठांतील अवयवांस लावून, आजच्या शारीराशीं न जुळणारें प्रत्येक वाक्य 'भ्रष्ट' ठरविण्याची जी प्रवृत्ति कित्येक अभ्यासकांत दिसते, ती आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम मूळ ग्रंथ काय सांगतो तें पाहावें. शारीरस्थानाच्या पांचव्या अध्यायांत शवपरीक्षेचा विधि आहे. शव सर्वावयवयुक्त, विषानें न मेलेलें, दीर्घ व्याधीनें न पीडलेलें व शंभर वर्षांचें नसलेलें घ्यावें. त्यांतील आंतडीं व मळ काढून टाकावा. मुंज, वल्कल, कुश किंवा ताग यांनीं तें गुंडाळून पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत गुप्त जागीं ठेवावें. आणि सात रात्रींनंतर वाळा, केंस, वेळू इत्यादिकांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून त्वचेपासून आंतपर्यंत सर्व पाहावें. या विधीची स्तुति पुष्कळांनीं केली आहे व ती योग्यच आहे. पण पहिल्याच पायरीस आंतडीं बाहेर जातात, याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आंतील अवयवही पाहावे असें ग्रंथ स्पष्ट म्हणतो हें खरें. तथापि सात दिवस पाण्यांत कुजलेल्या शवांत हाडें, स्नायु व सांधे जितके ओळखूं येतील तितके यकृतासारखे मृदु अवयव येणार नाहींत, हें समजण्यास वैद्य असण्याची जरूर नाहीं.

बाहेर काढलेलें आंतडें मोजतां मात्र येतें, आणि तें मोजलेलें दिसतें. पुरुषाचें आंत्र ३॥ व्याम व स्त्रीचें त्याहून अर्धा व्याम कमी, असें त्याच अध्यायांत आहे. दोन्ही हात पसरले असतां होणारें अंतर तो व्याम. साडेपांच फूट उंचीच्या माणसाचा व्याम साधारण उंचीइतकाच धरला, तर ही लांबी सुमारें १९ फूट येते. शवांत उलगडून मोजलेलीं लहान व मोठें आंतडीं मिळून २५ फुटांच्या आसपास भरतात. जिवंत शरीरांत स्नायूंच्या ताणामुळें तीं बरींच आखूड असतात. म्हणजे सुश्रुताचा आंकडा अंदाजानें फेकलेला नाहीं.

मग आंतड्याचें पोटांतील स्थान व वागणूक त्यास कोठून कळली? आमच्या मतें जखमी व रोगी माणसांच्या शरीरांतून. चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत शस्त्राघातानें बाहेर आलेलें आंतडें दुधानें धुवून, तूप लावून, नखें कापलेल्या हातानें आंत सारण्याचा विधि आहे. चौदाव्या अध्यायांत बद्धगुदोदर झालें असतां बेंबीच्या खालीं डावीकडे रोमराजीपासून चार अंगुळें सोडून पोट चिरावें, चार अंगुळें आंतडें बाहेर घेऊन पाहावें, अडलेला खडा, केंस अथवा मळ काढावा आणि मध व तूप माखून तें स्वस्थानीं ठेवावें, असें सांगितलें आहे. आंतड्यास छिद्र पडलें असल्यास त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चावविणें व मुंग्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच ठेवणें, हाही प्रकार तेथेंच आहे. ज्यानें हें लिहिलें अथवा ज्याच्याकडून तें ऐकिलें, त्यानें आंतडें उबदार व हालतें असतांना पाहिलें होतें.

गुदाचें वर्णन याहून बोलकें आहे. निदानस्थानांत अर्शाच्या प्रकरणीं गुद स्थूलांत्रास जोडलेलें व ४॥ अंगुळें लांब, त्यांत १॥ अंगुळाच्या अंतरानें प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळ्या, त्या शंखाच्या वेढ्यांप्रमाणें व रंगानें हत्तीच्या टाळूसारख्या, अशी बारीक नोंद आढळते. अर्शोयंत्र घालून जेथवर दृष्टि व शलाका पोंचली तेथवर वर्णन अंगुळांनीं मोजलेलें आहे. त्याच्या पुढें अंगुळें संपतात व आशय सुरू होतात. हा भेद पाठ बिघडल्यामुळें झालेला नसून पाहणाराच्या हातामुळें झालेला आहे, आणि म्हणून तो जपण्याजोगा आहे.

आतां क्लोम. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायांत हृदयाच्या खालीं डावीकडे प्लीहा व फुप्फुस, उजवीकडे यकृत व क्लोम, असें आहे. नवव्यांत टाळू व क्लोम हीं उदकवह स्रोतसांचीं मुळें सांगितलीं आहेत. चरकाच्या पंधरा कोष्ठांगांतही क्लोम आहे. पण हें काय? अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्त तें हृदयस्थ तृषास्थान म्हणतो; त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं डल्हण तें यकृताच्या खालीं उजव्या बाजूस असलेलें 'तिलक' म्हणतो. अमरकोशांतही तिलक हाच पर्याय आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या कोशांत क्लोम म्हणजे उजवें फुप्फुस. डावीकडे एक फुप्फुस सांगितलें तर उजवीकडचें दुसरें तें हें, असा त्यामागील तर्क दिसतो. बंगाली लेखकांनीं हाच शब्द स्वादुपिंडास लाविला, हिंदी प्राणिशास्त्रांत तो माशांच्या कल्ल्यांस गेला. कोणी श्वासनलिका म्हणतो, कोणी पित्ताची पिशवी. तृषेचें स्थान, उजवी बाजू व यकृताचें सान्निध्य या तिन्ही खुणा एकाच अवयवास पुऱ्या लागत नाहींत, आणि जो तो आपणांस सोयीची खूण ठेवून उरलेल्या प्रक्षिप्त ठरवितो. यास अर्थनिर्णय म्हणणें कठीण आहे.

या बाबतींत मराठी परिभाषाकारांनीं 'स्वादुपिंड' हा निराळा शब्द घेतला व क्लोमास हात लाविला नाहीं, हें आमच्या मतें शहाणपणाचें झालें. 'पित्ताशय' शब्दाच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी राहिली नाहीं. आज त्याचा अर्थ यकृताखालील पिशवी. संहितेंत तो सात आशयांपैकीं एक असून पित्ताचें स्थान आमाशय व पक्वाशय यांच्या मध्यें सांगितलेलें आहे. जुनी पोथी हातीं घेणारा आजचा वाचक येथें हटकून फसतो.

इ. स. १८३५-३६ त कलकत्त्यास सुश्रुत प्रथम छापून काढणारे मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ त तेथील मेडिकल कॉलेजांत स्वतः शवच्छेद केला, ही गोष्ट येथें आठवावी. पुढें निर्णयसागरच्या यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या आवृत्तीनें डल्हणाची टीका सर्वांच्या हातीं दिली. परंतु काठमांडूच्या केसर ग्रंथालयांतील इ. स. ८७८ त लिहिलेली ताडपत्रावरील पोथी, जी २०१३ त युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचींत नोंदली गेली, ती डल्हणाहून सुमारें तीनशें वर्षें जुनी आहे. डल्हणानें मान्य केलेला पाठ हाच मूळ पाठ असें यापुढें धरून चालतां येणार नाहीं. टीकाकारांचा अर्थ पाठांत केव्हां मिसळला हें अशाच साक्षींवरून ठरेल. म्हणून शारीरस्थानाचीं सुटीं पत्रें ज्यांच्या दप्तरांत असतील त्यांनीं तीं अपुरीं म्हणून बाजूस टाकूं नयेत. चौथा, पांचवा व नववा अध्याय त्यांत असल्यास त्यांतील क्लोम, उण्डुक व आशय यांचे पाठ अक्षरशः, लेखनिकाच्या चुकांसह, उतरून घ्यावे. समासांतील टिपण निराळ्या हाताचें असेल तर तसें लिहावें. भाषांतर करणारांनीं तूर्त क्लोमास क्लोमच म्हणावें आणि खालीं चक्रपाणि व डल्हण या दोघांचींही मतें द्यावीं.